असू देत वेफर

सोमवारी सकाळी क्लबच्या पोहण्याच्या तलावावरचा जुना व्हॉल्व्ह अडून बसला आणि लगेचरावांच्या घरचा फोन वाजला. वास्तविक तो भांडारात वाजायला हवा होता. क्लबचं भांडार लगेचरावांकडे, पंपघर त्यांच्या साडूंकडे, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम सायकलींचा एक मांडव. पंपघराच्या तोंडाशी कुणी खोकलं तरी भांडारात ऐकू येई. पण दोघे साडू एकमेकांशी बोलत नव्हते. पंपघरात काही हवं असलं की साडू आपल्या घरी फोन करत, तिथून धाकटी आपल्या बहिणीला, म्हणजे लगेचरावांच्या बायकोला कळवी, आणि मग थोरली भांडारात नवऱ्याला. सायकलींचा मांडव ओलांडायला निरोप सगळ्या गावाला वळसा घालून येई.

या अबोल्याचं कारण एक शिडी होती. लगेचरावांचं खरं नाव आता विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. कुणी काही मागितलं की ते 'लगेच' म्हणत, आणि नुसतं म्हणत नसत, खरोखरच लगेच आणत. याचा त्यांना भारी अभिमान. पंपघर जमिनीखाली होतं, झाकण उघडून शिडीने उतरायचं. जुनी शिडी मोडली तेव्हा लगेचरावांनी दुपारच्या आत नवी आणून उभी केली. ती एका पायरीने आखूड निघाली. साडूंनी तिच्याखाली एक बादली पालथी घातली, आणि सासऱ्यांच्या घरी भर जेवणात सगळ्यांदेखत सांगितलं, "शिडी आली लगेच, पण पोचली नाही." सगळे हसले. सासरे तर ठसका लागेपर्यंत हसले, आणि तेच लगेचरावांच्या जिव्हारी लागलं.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबा रविवारी पंचाहत्तर वर्षांचे होणार होते आणि त्यांना वाढदिवसाला एकच गोष्ट हवी होती. तरुणपणी भर पुरात नदी पोहून गेल्याची कथा त्यांनी तीन पिढ्यांना सांगितली होती. नदी दर वेळी थोडी रुंद होई. आता सगळ्या नातेवाइकांसमोर तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहून दाखवायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. तलाव दोन्ही जावयांच्या क्लबातला, लहानच, सरावाचा. थोरल्या जावयाकडे चहाफराळ आणि धाकट्याकडे पाणी, अशी आबांनीच वाटणी करून दिली. लगेचरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की या रविवारी आबांनी आपल्यावर हसायचं नाही, आपल्याला शाबासकी द्यायची. शिडीचा डाग धुऊन काढायला तलावाएवढी दुसरी जागा मिळाली नसती.

तर सोमवारचा निरोप. तलावातून पंपाकडे येणाऱ्या नळावर बटरफ्लाय व्हॉल्व्ह असतो. आत एक गोल चकती, दांडा फिरवला की ती आडवी-उभी होते, म्हणून फुलपाखरू. चकती सगळ्यांची सारखीच. फरक असतो तो बाहेरच्या अंगात, ज्याला धंद्यात बॉडी म्हणतात. साडूंना त्यातली 'लग' जातीची बॉडी हवी होती. दुसरी कुठली येऊ नये म्हणून त्यांनी बायकोला बजावून सांगितलं, "लगच पाठवा म्हणावं."

धाकटीने ताईला फोन केला. "हे म्हणतायत व्हॉल्व्ह लगच पाठवा."

"लगेच ना? यांना काय, लगेचच पाठवतील," थोरली म्हणाली.

लगला जोर यावा म्हणून साडूंनी एक 'च' जोडला आणि तिथेच सगळं बिनसलं. लगेचरावांपर्यंत निरोप पोचला तो असा, की व्हॉल्व्ह लगेच पाठवा, साडू अगदी घायकुतीला आलेत. लगेचराव सुखावले. अखेर त्या माणसाला आपल्या वेगाची किंमत कळली तर! त्यांनी दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराने नळाचं माप विचारलं, ते भांडाराच्या वहीत होतंच. मग त्याने विचारलं, "आणि बॉडी कोणती देऊ?"

व्हॉल्व्हला निरनिराळी बॉडी असते हे लगेचरावांना नवीन होतं. विचारावं असं जिभेवर आलं, पण विचारत बसलं तर वेळ जातो. "जी लगेच मिळेल ती," ते म्हणाले. दुकानात हाताशी होती ती वेफर बॉडी.

व्हॉल्व्ह संध्याकाळी आला तेव्हा भांडाराला कुलूप लागलं होतं, म्हणून लगेचराव तो घरी घेऊन गेले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. थोरलीने वाट्या बाजूला सरकवल्या आणि दोघं त्याच्याकडे बघत बसली. अख्ख्या तलावाचं पाणी अडवणारी वस्तू म्हणजे काहीतरी भलंदांडगं असेल अशी दोघांची समजूत होती. हे तर नुसतं जाडजूड कडं होतं, आणि कड्यात चकती.

"यात फुलपाखरू कुठंय?" थोरलीने विचारलं.

लगेचरावांनी दांडा फिरवला. चकती हळूच वळली आणि कडेवर उभी राहिली. थोरलीने हात पुसून स्वतः फिरवून बघितलं. पलीकडून लगेचरावांनी डोळा लावला, त्यांना बायकोचा डोळा दिसला, मग पंख मिटावा तशी चकती मिटली आणि डोळा गेला. हा खेळ भाजी गार होईपर्यंत चालला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका भोकातून एकमेकांकडे बघायचा योग कधी आला नव्हता. मग लगेचरावांच्या मनात आलं, हा नळाला बसतो कसा? त्याच्या अंगाला बोल्ट घालायला भोकंच नाहीत. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. असेल काहीतरी युक्ती, असं म्हणून त्यांनी तो पुन्हा खोक्यात घातला, पण प्रश्न काही खोक्यात गेला नाही. तो डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याच्या हातून खोकं पंपघरात पोचलं. साडूंनी उघडलं आणि कपाळाला हात लावला. त्यांनी धाकटीला फोन केला. "ताईंना सांग, वेफर आलंय. परत पाठवू का विचार त्यांना."

हा निरोप दोन्ही बहिणींनी अक्षरही न बदलता पोचवला, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच. थोरलीने नवऱ्याला विचारलं, "वेफर आलंय म्हणे. परत पाठवू का विचारतायत."

लगेचराव त्या क्षणी रविवारच्या फराळाच्या विचारात गढलेले. बटाट्याचे वेफर त्यांनी आदल्याच दिवशी सांगून ठेवले होते. आपल्या फराळात साडूंनी नाक खुपसावं आणि वर परत पाठवायची भाषा करावी, हे त्यांना रुचलं नाही. "परत कशाला? असू देत वेफर म्हणावं. वेफरच बरे, तेलकट होत नाहीत. उलट मी आणखी मागवणार आहे."

धाकटीने यातलं तेलकटपणाचं आपल्या मनाने गाळलं, कारण व्हॉल्व्हशी त्याचा संबंध तिला लागेना. साडूंना निरोप मिळाला: असू देत वेफर, वेफरच बरे, उलट आणखी मागवणार आहेत. साडू बराच वेळ खोक्याकडे बघत राहिले. भांडारवाल्याने फिटरला व्हॉल्व्ह शिकवावा याचा त्यांना संताप आला. पण वाद घालायचा तर बोलावं लागलं असतं. त्यांनी तलावाचं पाणी उतरवून तो बसवला, पुन्हा पाणी सोडलं, गळती नाही हे पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "बसवलाय. पुढचं त्यांचं ते बघतील."

रविवारी सकाळी तलाव आरशासारखा दिसत होता. नातेवाईक खुर्च्या धरून बसले होते. आबा घरून निघायचे होते आणि त्यांना आणायला साडू गेले होते. लगेचराव फराळाच्या टेबलापाशी छाती पुढे काढून उभे होते. वेफरच्या पुड्या इतक्या होत्या की पाहुण्यांनी तलावाच्या काठावर बसून सकाळपासून त्याच फोडायला सुरुवात केली होती. तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. आधी कण्हल्यासारखा, मग दाढ दुखणाऱ्या माणसासारखा. पंप अडकला होता. गाळण थांबलं आणि पाणी हळूहळू धुरकट व्हायला लागलं.

लगेचरावांनी थोरलीला गाठलं, थोरलीने धाकटीला आणि धाकटीने नवऱ्याला फोन केला. उत्तर त्याच वाटेने आलं: पंप बंद करा, मी येईपर्यंत हात लावू नका, तो काढायचा तर आधी तलाव उपसावा लागेल.

लगेचरावांना हा शुद्ध खवचटपणा वाटला. तलाव उपसायचा? आबा येऊन ठेपले असताना? मग व्हॉल्व्ह कशासाठी आणलाय, शोभेला? तो बंद केला की पाणी अडलं, पाणी अडलं की पंप काढता येतो, इतकं तर त्यांनाही कळत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना खाली जाऊन बघायचंच होतं. भोकं नसलेलं ते कडं नळाला धरून राहतं कसं, हा प्रश्न सोमवारपासून त्यांना छळत होता. शर्टाच्या बाह्या सारून ते झाकणातून उतरले. शेवटच्या पायरीनंतर पाय हवेतच राहिला. जरा चाचपडल्यावर बादली लागली. आपली शिडी किती आखूड आहे हे त्यांना पहिल्यांदाच पायाने कळलं आणि ते थोडे वरमले.

पण व्हॉल्व्ह बघितल्यावर ते सगळं विसरले. काय युक्ती होती! तलावाकडच्या नळाला एक चपटी कड, पंपाकडच्या नळाला दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये ते कडं बसवलेलं. लांबलचक बोल्ट एका कडेतून निघून व्हॉल्व्हच्या बाहेरून जात आणि थेट दुसऱ्या कडेत घुसत. व्हॉल्व्ह स्वतः कशालाच धरून नव्हता, दोघांनी दाबला म्हणून राहिला होता. वा, म्हणत लगेचरावांनी दांडा फिरवून तो बंद केला, पंपाचं बटण बंद केलं, पाना घेतला आणि पंप सुटा करायला बोल्ट ढिले करायला लागले.

पहिल्या दोन नटांना काही झालं नाही. तिसऱ्याला कड्याभोवती एक बारीक पाण्याची रेघ उमटली. चौथ्याला त्या रेघेचा पंखा झाला आणि लगेचरावांचा चष्मा गेला. जे बोल्ट पंप धरत होते तेच तलावाकडची बाजूही धरत होते, हे त्यांना आत्ता समजलं. समजलं ते नीट समजलं, पण पाना हातातून निसटून पाण्यात पडला होता. त्यांनी पंपाच्या नळाला खांदा दिला आणि सगळ्या जोराने पुढे रेटला. पंखा लहान झाला. खांदा जरा काढला की पुन्हा मोठा. बादली तरंगत कोपऱ्यात गेली.

वर साडू पोचले ते आबांना खुर्चीत बसवून तडक पंपघराकडे धावले. खालचा आवाज ऐकून ते शिडीवरून भराभर उतरले, शेवटच्या पायरीनंतर सवयीने बादलीवर पाय टाकला, आणि बादली तिथे नव्हती. ते पाण्यात बसले. बसल्याबसल्याच त्यांनी परिस्थिती पाहिली आणि शिडीच्या दिवसानंतरचा पहिला शब्द उच्चारला.

"रेटा."

दोघांनी खांद्याला खांदा लावून नळ रेटला. पंखा मिटला, थोडं पाणी झिरपत राहिलं. दोघांचे गाल एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. अशा अवस्थेत अबोला पाळणं फार कठीण जातं.

"म्हणून लगच सांगितलं होतं मी," साडू म्हणाले.

"मी लगेचच पाठवला की. त्याच संध्याकाळी आला."

"लगच."

"लगेचच. दुकानदाराला विचारा."

"लगेच नाही हो, लग. लग! व्हॉल्व्हची जात आहे ती."

लगेचराव क्षणभर रेटायचं विसरले आणि दोघांच्या तोंडावर पाणी आलं. पुन्हा रेटून त्यांनी विचारलं, "लग म्हणजे काय असतं?" त्या आवाजात भांडण उरलं नव्हतं, नुसती उत्सुकता होती. साडूंनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी समजावून सांगितलं. लगच्या अंगाला चहूबाजूंनी कान असतात आणि कानांत आट्यांची भोकं. तलावाकडचे बोल्ट एका बाजूने कानात बसतात, पंपाकडचे दुसऱ्या बाजूने, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पंपाकडचे काढले तरी व्हॉल्व्ह तलावाला धरून पाणी अडवून उभा राहतो. हा पंप म्हातारा, केव्हाही काढावा लागेल, म्हणून लग. वेफरला कान नसतात, त्याची एक बाजू सोडली की दुसरी आपोआप सुटते.

"आणि आणखी कुठली जात असते?"

"दुहेरी फ्लँज. त्याला दोन्हीकडं स्वतःच्या कडा असतात. वजनदार. मोठ्या नळांना."

"फार छान आहे हो हे," लगेचराव मनापासून म्हणाले. त्यांच्या कानातून पाणी गळत होतं.

"मग वेफर परत पाठवू का विचारलं तेव्हा 'असू देत' का म्हणालात?"

"मला वाटलं, खायचे."

साडूंनी मान वळवून बघता येईल तितकं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा खांदा हलायला लागला. लगेचरावांना आधी वाटलं पाण्याचा जोर वाढला, पण ते हसत होते. शिडीसारखं नव्हे, वेगळं हसणं होतं, आणि लगेचरावांनाही ते आवरेना. हसता हसता पंखा दोनदा उघडला.

आता करायचं काय ते साडूंनी सांगितलं. पंपाकडे येणारं तलावाचं तोंड तळाशी नव्हतं, बाजूच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर होतं. तळाचा निचरा उघडला तर पाणी बागेत जाईल, त्या तोंडापर्यंत उतरलं की इथलं पाणी आपोआप थांबेल. दोघांनी एका सुरात वर हाक मारली. बहिणी झाकणाशी आल्या, आणि तलावाचा निचरा हा शब्द या वेळी दोघींनी पहिल्या फटक्यात बरोबर ऐकला. त्यांनी चाक फिरवलं. तलाव लहान होता, पण पाणी उतरायला त्याने त्याचा वेळ घेतलाच, आणि तोवर दोघे खांदा देऊन उभे राहिले. शिडीचा विषय निघाला. लगेचराव म्हणाले की आता नवी मागवतो. साडू म्हणाले, "लगेच नको. मोजून."

कड्याभोवतीचं पाणी थांबलं. साडूंनी पंप सोडवला, आत हात घातला आणि वेफरच्या पुडीचा एक चकचकीत तुकडा बाहेर काढला. "हेही वेफरच," ते म्हणाले. लगेचरावांचं लक्ष वर लागलं होतं. तलावात आता कमरेएवढं धुरकट पाणी, आणि काठावर पंचाहत्तर वर्षांचे आबा. त्यांचा दिवस आपण घालवला. आता शाबासकी सोडाच, पुढची सगळी जेवणं आबा हीच गोष्ट सांगणार, आणि ती नदीसारखी दर वेळी रुंद होत जाणार. त्यांना फार वाईट वाटलं.

वरून आबांचा आवाज आला. "पाणी कमी झालं म्हणून काय झालं? ठरलं म्हणजे ठरलं." मग पाण्यात उतरल्याचा आवाज आला आणि टाळ्या सुरू झाल्या.

पंपघराच्या भिंतीत एक जाड गोल काच होती. तिच्यामागे दिवा लावला की तलाव आतून उजळे. साडूंनी दिवा बाजूला केला आणि लगेचरावांना जागा करून दिली. सोमवारी व्हॉल्व्हमधून बघितलं तसं लगेचरावांनी डोळा लावला. साडूंनी कडेने आपलाही लावला.

वर आबांचे हात जोरात पाणी कापत असावेत, कारण टाळ्यांबरोबर पाण्याचा फटफटाटही खालपर्यंत येत होता. पण काचेसमोरून गेले ते आबांचे पाय. गुडघ्यांत वाकलेले, तळावर सावकाश एकापुढे एक पडत, भिंतीच्या कडेकडेने चाललेले. एकदा ते थांबले, बोटांनी फरशी चाचपली आणि पुढे निघाले. पावलं थोडी थरथरत होती. पुरातली नदी कुठे होती ते त्या पावलांकडे बघून दोघांनाही कळलं. आणि पाणी पूर्ण भरलेलं असतं तर काय झालं असतं, हेही कळलं.

दोघांनी काचेपासून डोळे काढले. साडूंनी दिवा पुन्हा जागेवर सरकवला आणि काच झाकली.

फराळाला दोघे ओल्या कपड्यांनी शेजारीशेजारी बसले. अख्खं गोत आबांभोवती गोळा झालं होतं. कुणीतरी विचारलं, "आबा, पाणी एवढं कमी, त्रास नाही झाला?"

"छे," आबा टॉवेल सावरत म्हणाले. "चाललं."

साडूंच्या घशात वेफर अडकला. लगेचराव त्यांच्या पाठीत थापट्या मारायला लागले, पण त्यांनाही हसू फुटलं होतं, त्यामुळे थापट्या भलतीकडेच पडत होत्या. आबांनी दोघांकडे एकदा बघितलं. मग ताटातल्या वेफरची एक मूठ उचलून त्यांनी थोरल्या जावयाच्या पुढ्यात ठेवली, एक धाकट्याच्या पुढ्यात, आणि म्हणाले, "जावई मात्र चांगले मिळाले मला. पाण्याचा अंदाज आहे दोघांना."

थोरली आणि धाकटी समोर बसल्या होत्या. आजवर या दोघांमधली अक्षरन् अक्षर बातमी त्यांच्या हातून गेली होती, आणि आता समोर काहीतरी शिजत होतं ज्याचा त्यांना पत्ता नव्हता. थोरलीला राहवेना. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं आणि विचारलं की खाली नेमकं काय झालं, आत्ताच्या आत्ता सांगा.

लगेचरावांनी साडूंकडे बघितलं. साडूंनी मान हलवली.

"सांगतो," लगेचराव म्हणाले. "लगेच नाही."